सोळाच्या पलीकडचे

नागपूरहून हिंगणघाटला जाणारी एसटी जामच्या चौकात थांबते. इथे रस्ता फुटतो. एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. चहाच्या टपरीवर, तर्री-पोह्यांच्या गाडीवर जो भेटतो तो दुसरीकडे जायच्या घाईत असतो. त्यामुळे "जामला काय काम काढलं?" असं कुणी विचारत नाही. विचारतात ते, "कुठं चाल्ले, भाऊ?" गाव समुद्रपूर तालुक्यातलं आहे, पण बाहेरच्यांच्या लेखी तो नुसता फाटा.

यातल्या हैदराबादच्या रस्त्याचा जुना क्रमांक सात. वाराणसीहून निघायचा आणि जबलपूर, नागपूर, जाम, हैदराबाद, बंगळूर करत कन्याकुमारीला टेकायचा. यातल्या जबलपूरला, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, १८७५ साली स्नूकर जन्माला आला असं मानतात. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने तेव्हाच्या एका खेळात आणखी रंगीत चेंडू घातले. नावाची गोष्ट तर फारच बोलकी आहे. इंग्लंडमधल्या वूलिच इथल्या लष्करी प्रशिक्षण संस्थेत पहिल्या वर्षाच्या कच्च्या पोरांना 'स्नूकर' म्हणत. एका सहकाऱ्याचा सोपा फटका चुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला तेच म्हटलं. समोरचा चिडू नये म्हणून वर पुस्ती जोडली की, या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. तेच नाव चिकटलं. म्हणजे ज्या खेळात आज जगज्जेते मिरवतात, त्याचं नाव मुळात रांगेतल्या शेवटच्या माणसाचं आहे.

रांग मात्र कडक आहे. व्यावसायिक स्नूकरमधला क्रमांक दोन वर्षांत जिंकलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरतो. खेळाडू जेमतेम सव्वाशे-दीडशे. पहिले चौसष्ट आपली जागा राखतात. खालच्यांतल्या बहुतेकांना दर दोन वर्षांनी ती पुन्हा कमवावी लागते. शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात १९७७ पासून जागतिक स्पर्धा होते. तिथे पहिल्या सोळांना थेट प्रवेश, बाकीच्यांनी पात्रता फेऱ्या खेळायच्या. प्रवास आणि हॉटेलचा खर्च ज्याचा त्याने करायचा. बऱ्याच स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती एक पौंडही पडत नसे. २०२२-२३च्या हंगामात प्रत्येकाला किमान वीस हजार पौंडांच्या कमाईची हमी देण्यात आली. अशी हमी द्यावी लागली यातच खालच्या पायऱ्यांची हकिकत आली.

इंग्लंडच्या अँडी हिक्सकडे बघा. १९९५ साली क्रूसिबलवर त्याने पहिल्याच फेरीत सहा वेळच्या जगज्जेत्या स्टीव्ह डेव्हिसला घरी पाठवलं. थेट उपांत्य फेरी गाठली आणि तिथे नायजेल बाँडकडून हरला. त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत वरचा क्रमांक सतरा. दार सोळावर होतं. पुढे तो घसरला, यादीतून बाहेर पडला, पुन्हा आत आला. पन्नाशीला टेकला तरी व्यावसायिक म्हणून टेबलापाशी उभा होता. १९९५चा तो पंधरवडा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्या पंधरवड्याच्या आठवणीवर पुढची तीसेक वर्षं काढायची, याला हट्ट म्हणावं की निष्ठा?

आपल्याकडे मुंबईच्या आदित्य मेहताचं उदाहरण आहे. २०१२ साली तो आशियाई विजेता झाला. २०१३ साली दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये अंतिम फेरीत पोचला. क्रमवारीच्या स्पर्धेत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय. समोर चीनचा डिंग जुनहुई होता. निकाल ०-५. पुढच्याच वर्षी जर्मनीत स्टीफन मॅग्वायरविरुद्ध त्याने एकाच पाळीत टेबलावरचे सगळे १४७ गुण केले. पंधरा लाल, प्रत्येक लालमागे काळा, मग सगळे रंग, एकही चूक नाही. व्यावसायिक स्पर्धेत असा पूर्ण ब्रेक करणाराही तो पहिलाच भारतीय. नंतर दुखापतीने गाठलं आणि क्रमवारीची दोरी हातातून सुटली. पण १४७ हे १४७च. तो आकडा कुठलीही यादी खाली आणू शकत नाही.

पंकज अडवाणी तर ढीगभर जागतिक विजेतेपदांचा धनी. पुण्यात जन्मला, बंगळुरात वाढला. तोही २०१२ मध्ये या व्यावसायिक रांगेत उभा राहिला, दोन हंगामांनी परत आला आणि घरच्या टेबलावर बिलियर्ड्स-स्नूकर दोन्ही खेळत राहिला. रांग सोडली म्हणून तो लहान झाला नाही. रांगेत होता तेव्हाही तिथल्या खालच्या क्रमांकावरून त्याची उंची कळत नव्हतीच.

क्रमांक खोटा असतो असं मला म्हणायचं नाही. डिंग त्या दिवशी पाचही फ्रेम जिंकला, हे खरंच आहे. पण तुम्ही कुठे उभे आहात एवढंच क्रमांक सांगतो. तिथवर कसे आलात आणि तिथे काय करता, हे त्याला ठाऊक नसतं. आपण मात्र दहावीच्या टक्क्यांपासून पगाराच्या आकड्यापर्यंत सगळीकडे एवढाच प्रश्न विचारतो, कितवा? आणि उत्तर ऐकून माणूस मोजून मोकळे होतो.

स्नूकरमध्ये हरणं फार विचित्र असतं. कबड्डीत पकड सुटते, कुस्तीत पाठ टेकते. काहीतरी करता करता माणूस हरतो. इथे प्रतिस्पर्धी टेबलावर रमला की तुम्ही खुर्चीत बसता. हात मांडीवर, शेजारी पाण्याचा पेला. एकेक चेंडू खाली जाताना बघायचा, बस्स. वरच्या नंबरचा खेळाडूही खुर्चीत बसतो, पण त्याला उठायची खात्री असते. खालच्याला ती नसते. तरी तो क्यूच्या टोकाला खडू घासून ठेवतो. समोरच्याचा एखादा चेंडू पॉकेटच्या जबड्यात अडकलाच, तर आपला हात थरथरू नये म्हणून. २००५ साली शॉन मर्फी अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकावरून पात्रता फेऱ्या खेळून आला आणि जगज्जेता झाला. असं क्वचित घडतं. बाकीचे खडू घासतात आणि सामना हरून घरी जातात. त्यांचं घासणं वाया गेलं असं मला वाटत नाही. ते तसे तयार बसलेले असतात म्हणूनच वरच्याला प्रत्येक चेंडू नीट मारावा लागतो. खालचे ढिले पडले तर वरच्या सोळांचा खेळ महिनाभरात गंजेल.

वर जाणाऱ्याला खालचा खेळाडू वाटेतला फाटा वाटतो. पहिल्या फेरीत ओलांडायचं एक नाव. ज्याचं ते नाव आहे, त्याच्यासाठी तीच फेरी त्या महिन्याचं सगळं काम असते, घरभाडं असते, कधीकधी पुढच्या दोन वर्षांचा निकालही असते.

जामच्या चौकात एसटी दोन मिनिटं थांबते. आत बसलेले घड्याळ बघतात, कंडक्टरवर करवादतात. तेवढ्या वेळात चार-पाच जण पिशव्या घेऊन उतरतात आणि गावाकडे चालू लागतात. गाडीतल्यांचा प्रवास अजून व्हायचा असतो; हे घरी पोचलेले असतात.