पीडीएफ पाठवण्यापूर्वी

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात ‘श्यामची आई’ असते, ‘व्यक्ती आणि वल्ली’ असते आणि नुकतीच बाजारात आलेली एखादी कादंबरीही असते. पाठवणाऱ्याच्या लेखी तिन्ही सारखीच. कायद्याच्या लेखी तशी नाहीत आणि मला वाटतं, न्यायाच्या लेखीही नाहीत.

आपल्याकडे लेखक गेल्यानंतर त्याच्या पुस्तकांवरचा हक्क साठ वर्षं टिकतो. (आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवली गेली.) साने गुरुजी १९५० मध्ये गेले, २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापावीत, कुणीही वाटावीत. मर्ढेकरांच्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. अत्र्यांसाठी २०३० उजाडावं लागेल, आणि पु. लं.साठी २०६१.

चोरून पीडीएफ वाटणारे वाचनसंस्कृतीचा हवाला देतात. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान नसतं, हे खरंच आहे. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजाराची, तीही संपायला वर्षं लागतात. त्यातल्या शे-दोनशे वाचकांना पुस्तक मोबाइलवर आयतं मिळालं की दुसरी आवृत्ती निघत नाही. ही कसली संस्कृती?

खरी गंमत पुढे आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी, केशवसुत, फुले यांच्या पुस्तकांची मुदत केव्हाच संपली, हे सगळं आपलंच आहे, आणि त्याची मात्र आपल्याला फिकीर नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली. त्यांतली पुष्कळ आज इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. पण नावं रोमन लिपीत, तीही वाटेल तशी लिहिलेली. पानं तिरकी, काही गायब. नेमकं पुस्तक शोधायला बसलं की अर्धी संध्याकाळ जाते आणि सापडलं तरी त्यातला एक शब्द शोधता येईलच असं नाही, कारण पुष्कळदा पान म्हणजे नुसतं चित्र. मराठी विकिस्रोतावर हेच चित्र एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूला मजकूर उतरवतात. एकाने तपासलेलं पान दुसरा पुन्हा तपासतो. काम कंटाळवाणं आहे. फॉरवर्ड करण्याइतकं सोपं तर मुळीच नाही. पण पुस्तक ‘शेअर’ करणं म्हणावं ते याला.

हयात लेखकांनी राजीखुशीने दिलेली पुस्तकं ई साहित्य प्रतिष्ठान विनामूल्य देतं. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही बरंच काही आहे. तिथून घ्या, तिथला दुवा खुशाल वाटा.

अडचण उरते ती मधल्या पुस्तकांची. लेखक चाळीसेक वर्षांपूर्वी गेलेला, प्रकाशन बंद पडलेलं, प्रत रद्दीतच मिळाली तर मिळाली. अशा पुस्तकाचं स्कॅन कुणी पाठवलं तर त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बेपत्ता हक्कदारांच्या पुस्तकांसाठी परवान्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्या वाटेने साधा वाचक कशाला जाईल? इथे वारसांनीच पुढे यायला हवं. तुमच्या घरात कुणी लेखक होऊन गेले असतील आणि त्यांची पुस्तकं आता कुणी छापत नसेल, तर प्रकाशकाशी झालेला जुना करार एकदा काढून बघा. हक्क तुमच्याकडे असतील, तर पुस्तक मुक्त परवान्याखाली देत असल्याचं पत्र लिहा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या आणि एक स्वच्छ प्रत स्कॅनिंगसाठी द्या.