हातातलं कांकण

‘अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त’ असा जयजयकार आपण रोज करतो. त्यातलं चिंतन करायचं कधी, हा प्रश्न मात्र आपणा संसारी माणसांना पडतोच.

श्रीदत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत एक कुमारी आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला तिची गोष्ट सांगतात. घरची माणसं बाहेर गेलेली, आणि तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडू लागली, तर हातातली कांकणं वाजू लागली. तिला संकोच वाटला. एकेक करून ती उतरवली. दोन्ही हातांत दोन-दोन ठेवली, तीही वाजली. मग एकेकच ठेवलं.

अवधूतांनी यातून एकांताचा बोध घेतला. विरक्ताला तो शोभतो. आपण घरदार सोडून कुठं जाणार? माझी पत्नी तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. जपाला बसावं आणि तिची हाक यावी, हे रोजचंच. माणूस कण्हत असताना आपण डोळे मिटून बसणं हा स्वार्थ तर नव्हे, असं मनात येतं.

याचं उत्तर मला त्या मुलीपाशीच मिळालं. तिनं कांडण थांबवलं नाही, पाहुण्यांना उपाशी ठेवलं नाही. काम चालू ठेवून तिनं फक्त आवाज काढून टाकला.

सकाळी पत्नीला चमच्यानं चहा पाजायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. ती एक घोट गिळेपर्यंत मी नुसता बसतो. वेगळा वेळ काढावा लागत नाही. ही कांकणं उतरवणं तसं सोपं.

अवघड आहे ते शेवटचं दुसरं कांकण. ‘मी हिच्यासाठी एवढं करतो’, ‘माझ्या इतक्या माळा झाल्या’, हा हिशेब. घर शांत झालं तरी तो आत वाजतच राहतो. सेवेवरही वाजतो आणि जपावरही. तो ऐकू येणं हेच मला चिंतन वाटतं. एकदा उतरवला म्हणून संपत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात असतोच.

मार्गशीर्ष पौर्णिमेला देवळात पाळणा हलेल, टाळ-झांजा वाजतील. त्या मनसोक्त वाजू द्याव्यात. रात्री मात्र निजण्याआधी देवापुढच्या समईशी घटकाभर बसावं आणि आपलं आपल्यालाच विचारावं, आज माझ्या हातात काय वाजलं?