आकाशातले पाहुणे आणि प्रवरेची माती

वेरूळचे कैलास लेणे माणसांनी कोरलेलेच नाही, परग्रहावरून आलेल्या कोणीतरी कातळाची वाफ करणारे यंत्र आणून ते घडवले, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या चित्रफिती आज मराठी घरांत आवडीने पाहिल्या जातात. या कल्पनेला जगभर लोकप्रिय केले ते एरिक फॉन डॅनिकेन यांच्या 1968 मधल्या जर्मन पुस्तकाने. पिरॅमिड, नाझ्काच्या रेषा, पुराणांतली विमाने या साऱ्यांचे कर्तृत्व त्यांनी आकाशातून उतरलेल्या पाहुण्यांना देऊन टाकले. या चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि तिथेच सगळा घोळ होतो. पृथ्वीबाहेर कुठे जीवसृष्टी आहे का, हा पहिला प्रश्न. तो आकाशाचा आहे आणि अजून खुला आहे. तिथले कोणी प्राचीन काळी इथे येऊन गेले का, हा दुसरा. तो मातीचा आहे. पहिल्या प्रश्नाबद्दल वाटणारे कुतूहल दुसऱ्याच्या पदरात पुरावा म्हणून टाकता येत नाही. येऊन गेलेल्यांचा माग मातीत काढावा लागतो, आणि त्यासाठी महाराष्ट्रात नेवाशाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

प्रवरेकाठचे नेवासे आपल्याला ठाऊक आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, तो ग्रंथ इथे सांगितला गेला आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असे परंपरा मानते, त्या पैस खांबापाशी आजही माणसे माथा टेकतात. त्याच गावच्या लाडमोड टेकडीवर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 या काळात व पुन्हा 1959 पासून उत्खनन केले. नदीच्या जुन्या गाळात अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. त्यांच्यानंतरच्या काळातली लहान, छिलक्यांची हत्यारे मिळाली. त्या घडणीला सांकळियांनी नेवाशाचेच नाव दिले. टेकडीच्या थरांत ताम्रपाषाण काळातली जोर्वे पद्धतीची लाल-काळी रंगवलेली भांडी निघाली, त्यावर सातवाहन काळातली वस्ती, रोमन व्यापाराच्या खुणा, आणि सर्वांत वर मुसलमानी व मराठा अमदानीचे अवशेष. अगदी आरंभापासून पेशवाईपर्यंतची माणसाची हजेरी अशी थरांमागून थरांत एका गावाच्या शिवारात वाचायला मिळणे दुर्मीळ आहे.

ही माती किती बारीक गोष्ट जपून ठेवते ते पाहण्यासारखे आहे. ताम्रपाषाण काळात इथली माणसे दगावलेले मूल मातीच्या दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून घराच्याच जमिनीखाली पुरत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि त्या मण्यांच्या भोकांत दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. तांब्यावर चढलेल्या गंजातल्या क्षारांनी तो धागा कुजू दिला नव्हता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा आईबापांनी लेकराच्या गळ्यात घातलेल्या माळेचा दोरासुद्धा ही जमीन हरवत नाही. हजारो मैलांवरच्या भूमध्य समुद्राकाठचा माल घेऊन आलेल्या व्यापाराची खूण म्हणून मद्याच्या कुंभांची खापरे तिने राखली. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे: ताम्रपाषाण वस्ती उठून गेल्यावर काही शतके टेकडीवर कोणीच राहत नव्हते, हेही थरांत स्पष्ट दिसते. म्हणजे इथली माती आलेल्यांची नोंद करते, तशीच न आलेल्यांचीही. दूरच्या खलाशाचा फुटका कुंभ जिने सांभाळला, तिच्यात ताऱ्यांवरून आलेल्या यंत्राचा एकही तुकडा नाही. शुद्ध ॲल्युमिनियमचा कण, ज्याच्या घटकांचे प्रमाण आपल्या सूर्यमालेतल्या पदार्थांशी जुळत नाही असा धातू, पूर्वज नसताना अचानक अवतरलेले एखादे अवजार, यांपैकी काहीही अस्पर्श थरातून निघालेले नाही. नेवाशातच नाही असे नव्हे, जगात कुठल्याच उत्खननात नाही.

यावर कैलास लेण्याकडे बोट दाखवले जाते. तिथून चार लाख टन दगड काढला आणि तोही अठरा वर्षांत, हे कसे शक्य आहे? हे दोन्ही आकडे दावा करणाऱ्यांचेच आहेत, ते आहेत तसे मान्य करू. वर्षाचे तीनशे दिवस काम धरले तर रोज सुमारे 74 टन दगड निघायला हवा. एका पाथरवटाने दिवसाला 150 किलो, म्हणजे बेसाल्टचा जेमतेम घनमीटराचा विसावा भाग फोडला असे धरले, तरी पाचशे माणसे पुरतात. राष्ट्रकूटांसारख्या सम्राटांना पाचशे पाथरवट जड नव्हते. शिवाय काम एकाच राजाच्या काळात पुरे झाले असेही नाही. मुख्य मंदिर पहिल्या कृष्णाच्या, म्हणजे आठव्या शतकाच्या तिसऱ्या चरणातले, पण भोवतालच्या काही भागांत नंतरही हात फिरलेला आहे. पद्धत तर कातळावरच लिहिलेली आहे. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी खंदक खोदत खाली उतरायचे, मधला कातळ मोकळा करायचा आणि वरून खाली घडवत यायचे. छिन्नीच्या खुणा भिंतींवर आहेत. वेरूळचेच जैन लेणे, ज्याला लोक छोटा कैलास म्हणतात, अर्धवट राहिले आहे. अजिंठ्यालाही अर्धी सोडलेली लेणी आहेत. कातळाची वाफ करणाऱ्या यंत्राला काम असे मध्येच टाकून जाण्याचे कारण काय, आणि त्याच्या पाठीमागे छिन्नीचे घाव कसे उरतील? शिवाय कैलासाला पूर्वज आहेत. कांचीचे कैलासनाथ मंदिर, त्याच्या वळणावर पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आणि त्याच्या धर्तीवर वेरूळ. ही वंशावळ ज्याला दिसते त्याला आकाशात पाहण्याची गरज पडत नाही.

इथे एक जुनी साक्ष आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. 812 सालच्या सुमारास दिलेल्या राष्ट्रकूटांच्या बडोदे ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, हे माणसाच्या हातून घडणे शक्य नाही, स्वयंभूच असावे असे म्हणतात, आणि खुद्द ते घडवणारा स्थपतीही हे आपल्या हातून कसे झाले याचे नवल करतो, अशा आशयाचा तो मजकूर आहे. लेणे पुरे होऊन जेमतेम दोन पिढ्या उलटल्या होत्या. त्या कवीच्या कल्पनेतही विमानातले देव बघे आहेत, कर्ता माणूसच आहे. बाराशे वर्षांनी आपण बघ्यांना कर्ते करतो आणि कर्त्यांची नावनिशाणी पुसतो, याचे मला खरोखर वाईट वाटते. पाथरवटांच्या ज्या पिढ्यांनी हा कातळ फोडला त्यांना कोणत्याही ताम्रपटात नाव मिळाले नाही. निदान त्यांचे काम तरी त्यांच्याकडून काढून घेऊ नये.

पुराणांतल्या विमानांचा आधार घेणाऱ्यांनी वैमानिक शास्त्राची गोष्ट आठवावी. प्राचीन ऋषींचा म्हणून मिरवला गेलेला हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितला व लिहिला गेला; 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी त्यातली विमाने उडू शकत नाहीत हे दाखवून दिले. याहून वजनदार आक्षेप दुसराच आहे. पुरावा मिळाला नाही म्हणजे घटना घडलीच नाही असे कसे म्हणता? एखादे यान समुद्रात उतरून तासाभरात परत गेले असेल. हे तर्काने नाकारता येत नाही, हे मी मान्य करतो. पण डॅनिकेनपंथीयांचा दावा असा तासाभराचा नाहीच. पाहुण्यांनी माणसाला शिकवले, देवळे बांधून दिली, संस्कृती दिली, असे ते म्हणतात. एवढा वावर असेल तर कचरा उरतो, तुटकी अवजारे उरतात, शिकवलेल्या विद्येच्या कच्च्या नकला उरतात. तासाभराची भेट आणि संस्कृतीचे दान हे दोन्ही दावे गरजेप्रमाणे आलटून पालटून वापरता येणार नाहीत.

जीवसृष्टीचा प्रश्न मात्र मी मोठ्या आशेने उघडा ठेवतो. अनंत कोटी ब्रह्मांडांची भाषा आपल्या आरत्यांत, स्तोत्रांत रुळलेली आहे, त्यामुळे अनेक जगांच्या कल्पनेने मराठी माणूस दचकत नाही. 1995 मध्ये सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह सापडला; आज सापडलेल्या परग्रहांची एकूण संख्या सहा हजारांवर गेली आहे. बेन्नू या लघुग्रहावरून 2023 मध्ये आणलेल्या मातीत प्रथिनांना लागणारी अमिनो आम्ले आढळली. आणि या शोधातली शिस्त कशी असते ते आपल्याच जयंत नारळीकरांनी दाखवले. 2001 मध्ये आणि पुन्हा 2005 मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनसोबत निर्जंतुक केलेली नळकांडी गेली आणि 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करून आली. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांत सूक्ष्मजीव मिळाले, त्यांतल्या तीन जाती विज्ञानाला नव्या होत्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे नाव दिले गेले. जीव अंतराळातून आले या मताला नारळीकर अनुकूल होते. तरीही हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत हे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे त्या प्रयोगाच्या निवेदनात स्पष्ट म्हटले होते. मनाला हवे असलेले उत्तर समोर दिसत असताना पुरावा जिथे थांबतो तिथे थांबणे, हे फार अवघड काम आहे. नारायणगावजवळ खोडदला आणि भोवतालच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय यानाचा क्षीण संदेश त्यांनी इथून ऐकला. कुणाचा आवाज कधी आलाच, तर तो ओळखण्याची तयारी अशा ठिकाणी चालू आहे.

आकाशातून खरोखर काही पडते तेव्हा काय होते, हेही महाराष्ट्राने अलीकडेच पाहिले. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी विदर्भाच्या आभाळात जळते गोळे दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. आसपास धातूचे गोलकही मिळाले. वस्तू हातात होत्या, जागा व वेळ नक्की होती, म्हणूनच एका चिनी अग्निबाणाकडे थोड्याच दिवसांत बोट दाखवता आले. याच्या उलट उदाहरण प्रवरेकाठीच आहे. 1974 मध्ये दायमाबादला एका शेतकऱ्याला खोदताना काशाचे चार अप्रतिम नमुने मिळाले: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. उत्खननाच्या थरातून ते निघाले नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत आजवर वाद आहे. थर सुटला की वस्तू अर्धी मुकी होते. तेव्हा नेवाशापासून दायमाबादपर्यंत ज्यांची शेते आहेत त्यांना एवढेच सांगणे आहे: नांगराला किंवा विहिरीच्या खोदाईत रांजण, खापर, मणी, धातू असे काही लागले, तर ते जागचे हलवू नका, धुऊन पुसून घरी नेऊ नका, आहे त्या स्थितीत त्याचे छायाचित्र घ्या आणि तहसील कार्यालयाला व पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत मोलाचा निधी सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकही आहे.