पाणी थबकते तेव्हा

सावकाश बसा. हात मोकळे सोडा. आता चिमटीत एक पातळ तार धरली आहे असे समजा. ती वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. पहिल्यांदा काही होत नाही, दहाव्यांदाही नाही. वाकते त्या जागी बोटांना थोडी ऊब लागते, एवढेच. मग एका साध्याशा वाकवण्यात ती तुटते. त्या वेळी जोर आधीपेक्षा जास्त नव्हता. तार नेमकी केव्हा तुटायला लागली, हा प्रश्न मनात असू द्या. उत्तराची घाई नको.

आता मनाने उत्तरेकडे चला, चीनच्या बोहाय समुद्रावर. त्याच्या वरच्या कोपऱ्यातले ल्याओतुंगचे आखात सुमारे ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि दर हिवाळ्यात गोठते. तिथे जेझेड २०-२ नावाचे वायुक्षेत्र आहे. पाणी फारसे खोल नाही. तळात रोवलेल्या पोलादी पायांचा सांगाडा, म्हणजे मुंबई हायवर काम करणारे ज्याला जॅकेट म्हणतात तो, आणि त्यावर प्लॅटफॉर्म. तुम्ही वर कठड्याला धरून उभे आहात. खाली बर्फ, बहुतेक वेळा वीतभर जाड. पसरलेला, करडा, आणि चालणारा. भरती त्याला एकीकडे नेते, ओहोटी दुसरीकडे.

बर्फ वेगात आहे तोवर पायाशी त्याचा सतत चुरा होतो. करकर ऐकू येते, धक्के येतात, पण विस्कळीत. पोलाद थोडे हलते.

मग भरतीचा जोर ओसरतो. पाणी थबकू लागते. बर्फ सेकंदाला दोन-चार सेंटिमीटरवर येतो. आपल्याला वाटते, चला, आता विसावा. इथेच लक्ष द्या. हळू आलेला बर्फ पायाला चिकटून रेटतो, पाय वाकतो, बर्फ फुटतो, पाय मागे उसळतो, पुन्हा बर्फाला भिडतो. थोड्याच वेळात बर्फ पायाच्याच लयीत फुटू लागतो. झोपाळ्याला वेळेवर धक्का मिळावा तसे, फक्त इथे झोपाळाच धक्का देणाऱ्या हाताला आपल्या तालात ओढून घेतो. अभियंते याला लॉक-इन म्हणतात.

ती लय मनात मोजा. सेकंदाला एक हेलकावा धरला, तरी दहा मिनिटांत ६००, तासाभरात ३,६००. आणि पाणी रोज थबकते. २००० सालच्या जानेवारीत इथल्याच एका प्लॅटफॉर्मवर अशा थरथरीने वायूची नळी तुटली. बर्फ डोंगराएवढा नव्हता. मला तरी हीच गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करते.

आता एका जोडापाशी या. पाय आणि तिरकी दांडी जिथे वेल्डिंगने एक झाली आहेत, तिथे. प्रत्येक हेलकाव्याचा ताण इथे गोळा होतो. ताणाची चढउतार दुप्पट झाली, तर अशा जोडाचे आयुष्य साधारण आठव्या हिश्शावर येते. स्वीडनच्या पाल्मग्रेन यांनी १९२४ साली बेअरिंगसाठी आणि अमेरिकेतल्या माइनर यांनी १९४५ साली विमानांसाठी हिशेब मांडला तो असा: एखाद्या ताणाचे लाख हेलकावे जोड सोसणार असेल, तर एका हेलकाव्याने त्याच्या आयुष्याचा लाखावा भाग खर्च झाला. लहानमोठे सगळे भाग मिळवत जा. बेरीज एक झाली की जोड गेला असे धरा.

पण ताणाच्या आलेखाची रेघ वेडीवाकडी असते; त्यातला एक हेलकावा कोणता? १९६८ साली जपानमध्ये मात्सुइशी आणि एंडो यांनी ती रेघ उभी केली आणि पॅगोडाच्या छपरांवरून पाणी ओघळते तशी मोजली. आपल्या कौलांच्या पागोळ्या आठवा. वरच्या वळचणीचे पाणी खालच्या कौलावर पडते. एक धार कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, एवढेच पाहायचे.

मग उरतो बर्फ. कोणत्या जाडीचा, कोणत्या वेगाचा, कोणत्या दिशेचा, हिवाळ्यात किती तास? त्यासाठी माणसांनी कित्येक हिवाळे प्लॅटफॉर्मवर कंपनमापक आणि कॅमेरे लावून वाट पाहिली. एका भयंकर दिवसापेक्षा शंभर मध्यम दिवसांची नोंद इथे मोलाची ठरू शकते. या बेरजेत एक उणीव मात्र आहे: आधी काय घडले, नंतर काय, हे ती विचारत नाही. पोलादाला तो क्रम कळतो. म्हणून बेरीज एक होण्याची वाट न पाहता बरेच अलीकडे थांबायचे, हाच शहाणपणा.

काही पायांना पाण्याच्या पातळीवर शंकूचा घेर बसवला आहे. बर्फ त्यावर चढतो आणि चुरा होण्याऐवजी वाकून मोडतो. वाकवून मोडायला त्याला फार कमी जोर लागतो. तो आवाज ऐका. तुकडा, थोडी शांतता, तुकडा. लॉक-इन टळते, पण प्रत्येक तुकड्याची हलकी टिचकी असतेच, आणि तीही मोजायची असते.

मार्च येतो. आखात मोकळे होते, पाणी पुन्हा निळसर दिसते. हात कठड्यावर ठेवा. काही थरथरत नाही. खाली त्या जोडाची बर्फाने केलेली बेरीज ०.३ झाली असेल, तर उन्हाळाभर ती ०.३ च राहील. डिसेंबरात पहिला बर्फ पायाला लागेल, तेव्हा मोजणी तिथून पुढे सुरू होईल.