छोटा एफ

गिटार शिकू लागलेल्या माणसाच्या वाटेत एफ हा कॉर्ड धोंड्यासारखा येतो. ई मायनरला दोन बोटं पुरतात. जी, सी, डी सरावाने बसतात. एफसाठी मात्र तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून ठेवायची आणि उरलेल्या बोटांनी आकार पुरा करायचा. साठीकडे झुकलेल्या माझ्या हाताला ते अजून जमत नाही. इथे लखनौच्या महानगर भागात मला शिकवायला येणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचाही नाही. तो मला ‘अंकल’ म्हणतो, मी त्याला ‘सर’. त्याने दोन सोपे पर्याय दाखवले.

पहिल्यात जाड दोन तारा गप्प ठेवून उरलेल्या चारच वाजवायच्या. एफ, ए, सी हे तिन्ही स्वर त्यात असतात. भरदारपणा तेवढा कमी. दुसरा याहून सोपा. त्यात सर्वांत बारीक तार मोकळी सोडायची. तो गोड लागतो, पण मोकळ्या तारेतून ई हा परका स्वर आत येतो. त्याचं खरं नाव एफ मेजर सेव्हन. नवशिक्याच्या हाती मात्र तो पुष्कळदा एफ म्हणूनच दिला जातो.

सोपं करणं म्हणजे खोटं करणं का, हा प्रश्न मला इथे पडतो. पहिल्या पर्यायात काही गाळलं आहे. दुसऱ्यात काही बदललं आहे, आणि नाव जुनंच ठेवलं आहे. मला या दोहोंत नैतिक फरक दिसतो. गाळलेलं पुढे भरून काढता येतं. बदललेलं जुन्याच नावाने कानात बसलं, की काही भरायचं राहिलं आहे हेच शिकणाऱ्याला कळत नाही.

गोमतीपलीकडच्या कैसरबागेत या प्रश्नाला एका मराठी माणसाचा इतिहास आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला. पुढे त्या संस्थेला त्यांचंच नाव मिळालं. पेशाने वकील असलेल्या या माणसाने घराण्यांत राखून ठेवलेल्या बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून कुणाही विद्यार्थ्यापुढे ठेवल्या. गाणं असं कागदावर मावतं का, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो पोकळ नव्हता. मींडेचा प्रवास खुणेने दाखवता येतो, ऐकवता येत नाही. त्यांच्या दहा थाटांतही सगळे राग सुखाने बसत नाहीत. दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा ललित मारवा थाटात घालताना ओढाताण होतेच.

तरीही मला ते सुलभीकरण प्रामाणिक वाटतं. थाट गायचा नसतो, त्याने रंजन करायचं नसतं, तो राग नव्हे, हे त्याच पद्धतीत स्पष्ट सांगितलेलं आहे. सोप्या गोष्टीला तिचं वेगळं नाव दिलेलं आहे. आणि पुस्तकं छापून ते थांबले नाहीत. कॉलेज काढलं, म्हणजे पुस्तकापुढे गुरूला बसवलं.

यावर कुणी म्हणेल, नवशिक्याला पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगितलं तर तो गिटार भिंतीला टांगेल. खरं आहे. म्हणून काय गाळायचं हे शिकवणाऱ्याने दयेने ठरवावं. पण गाळलं आहे एवढं सांगावं. त्याला एक वाक्य पुरतं.

गिटारपुरतं असतं तर मी इतका विचार केला नसता. माझी नात लखनौत वाढते आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ती ‘माझा पुस्तक’ म्हणते. घरात सगळ्यांना ते गोड वाटतं, मलाही. शब्द थोडे असले तर हरकत नाही. तो तिचा छोटा एफ आहे, वाढेल. पण गोड लागतं म्हणून ‘माझा पुस्तक’ हीच मराठी, असं आम्ही तिला मानू दिलं, तर तिला मोकळी तार दिली आणि नाव एफचंच सांगितलं, असं होईल. तिला न टोकता ‘माझं पुस्तक’ तिच्या कानावर पडत राहील एवढं करणं आमच्या हातात आहे. ते रोज करावं लागतं, आणि मोठी माणसं तेवढ्यालाच कंटाळतात.