आज्जीच्या अकरा वह्या

आज्जी गेल्यावर तिच्या लोखंडी ट्रंकेत शॉर्टहँडच्या अकरा वह्या सापडल्या. पेन्सिलीनं भरलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. सोबत टायपिंगच्या परीक्षांची सर्टिफिकेटं, पेन्शनचे कागद आणि भडंगाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली टाइपरायटरची जुनी फीत. वह्या कुणालाच वाचता येईनात. मामी म्हणाली, "असू देत, ऑफिसच्या असतील." मामेभाऊ म्हणाला, "फोटो काढ आणि एआयला दे. दोन मिनिटांत कळेल."

त्या दोन मिनिटांपाशी मी वर्षभर अडकले आहे.

विश्रामबाग म्हटलं की सांगलीबाहेरच्या मुलांना कॉलेजं आठवतात. १९१९ सालचं विलिंग्डन, १९४७ सालचं वालचंद आणि त्यांच्या आजूबाजूच्या मेस, झेरॉक्सची दुकानं, क्लासेस. मीही विलिंग्डनला होते आणि आज्जीकडे राहायचे. तिचं विश्रामबाग मात्र वेगळं होतं. १९६० साली, बावीस वर्षांची असताना, ती इथल्या एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात स्टेनो म्हणून लागली आणि छत्तीस वर्षांनी तिथूनच रिटायर झाली. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, हळूहळू पत्रव्यवहार मराठीत येऊ लागला, तसं तिनं पुन्हा क्लास लावून मराठी टायपिंग शिकून घेतलं. घरी दोन मुलं, सासू, आणि संध्याकाळी कळफलकाचा सराव. सात साहेब आले आणि गेले. बाई तिथंच.

कामाचं स्वरूप असं की साहेब बोलायचे, ती लिहायची. मग टाइप करायची, कार्बन लावून तीन प्रती. पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात आधी साहेबांची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग तिची. छत्तीस वर्षांत तिनं जे लिहिलं त्यातली तिची स्वतःची अक्षरं म्हणजे ही एवढीच.

शॉर्टहँड कशी असते, हे तिनं मला एकदा दाखवलं होतं. पिटमन पद्धतीत बारीक रेघ म्हणजे 'प', तीच दाबून काढली की 'ब'. स्वर ठिपक्यांनी आणि छोट्या रेघांनी दाखवायचे, पण वेग वाढला की बहुतेक गाळायचे. मागं उरतो व्यंजनांचा सांगाडा. बाकीचं लिहिणाऱ्याला आठवत असतं. "म्हणून दुसऱ्याची वही वाचायला जाऊ नये," ती म्हणाली होती. तेव्हा मला वाटलं, ती फक्त अडचण सांगते आहे.

इंग्रजीतल्या 'सेक्रेटरी' या शब्दाच्या पोटात 'सीक्रेट' आहे. मूळ अर्थ गुपितं सांभाळणारा. आपला 'चिटणीस' मात्र चिठ्ठ्या लिहिणारा. आज्जी दोन्ही होती. तेराव्याला तिच्या ऑफिसातले दोघं-तिघं म्हातारे आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, "बाईंच्या तोंडून कधी एक शब्द बाहेर गेला नाही." आम्ही नातवंडांनी स्टेटसला टाकलं, प्रेमळ आणि सुगरण. दोन्ही खरं होतं. पण त्या स्तुतीनं मी अस्वस्थ झाले, कारण त्याच न बोलण्याबद्दल ती स्वतः काय म्हणाली होती, ते मला माहीत होतं.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. विश्रामबाग त्या मानानं उंचावर, म्हणून गावभागातली आमची नातेवाईक मंडळी आमच्याकडे आली होती. दोन खोल्यांत चौदा माणसं. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले आणि एक्क्याऐंशी वर्षांची आज्जी पाटावर कागद घेऊन बसली. नुकसानीचे अर्ज कसे लिहायचे, हे कुणाला सुचत नव्हतं. ती म्हणायची, "तुमचं काय ते एकदा सगळं सांगा, मी नीट मांडते." आधी ऐकायची, खुणांत टिपायची, मग सुवाच्य मराठीत उतरवायची. नियम एकच, वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. एका काकांना घाई होती. ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल." तिनं पेन दिलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं, मगच दिलं.

त्या रात्री वीज नव्हती. मी तिला विचारलं, एवढा हट्ट कशाला? तेव्हा तिनं सायकलची गोष्ट सांगितली.

१९७३ साल, दुष्काळाचं. ऑफिसातल्या एका शिपायाला कामावरून कमी करायचं ठरलं. साहेबांनी पत्र सांगितलं, तिनं घेतलं, टाइप केलं, पाकिटात घालून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. तासाभरानं तोच शिपाई चहा घेऊन आला. हप्त्यावर सायकल मिळते आहे म्हणाला. "घेऊ का, बाई?"

ती म्हणाली, "बघा, तुमचं तुम्ही."

त्यानं घेतली.

"मग तू काय करायला हवं होतंस?" मी विचारलं. "सांगितलं असतंस तर तुझीच नोकरी गेली असती." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुपित ठेवणं माझं कामच होतं गं. पण 'आत्ता नका घेऊ' एवढं म्हणायला गुपित कुठं फोडावं लागत होतं?"

मी पुढं बऱ्याचदा यावर विचार केला. आपण नैतिक पेच म्हणतो तेव्हा दोनच दारं दिसतात. सांगायचं किंवा नाही सांगायचं. विश्वास मोडायचा किंवा माणूस मोडू द्यायचा. आज्जीला सेहेचाळीस वर्षांनी जे बोचत होतं ते वेगळंच होतं. तिसरं दार उघडं होतं आणि नियमाच्या आडोशाला उभी असल्यामुळं तिला ते दिसलं नाही. गुपित राखण्याच्या नियमानं तिला पत्राबद्दल गप्प राहायला सांगितलं होतं. माणसाबद्दल बेफिकीर राहायला सांगितलं नव्हतं. पण एकदा तोंड बंद ठेवायची सवय लागली की या दोन्हीतला फरक पुसट होत जातो. आणि त्या पुसटपणाला बाहेरून लोक 'निष्ठा' म्हणतात.

तिची बाजूही आहे. दोन मुलांची आई, ऑफिसातली एकटी बाई, दुष्काळाचं वर्ष. त्या एका वाक्यावरून कुणाला संशय आला असता तर? मी तिच्या जागी असते तर तेच म्हणाले असते, कदाचित तेवढंही नाही. म्हणून मी तिला दोषी म्हणत नाही. पण ती स्वतःला जे म्हणत होती, ते काढून टाकून तिची आठवण ठेवली तर ती आठवण कुणाची?

आता वह्या. सॅम्युएल पेपिस हा इंग्लंडच्या नौदलाचा सेक्रेटरी. १६६० ते १६६९ अशी नऊ वर्षांची डायरी त्यानं शॉर्टहँडमध्ये लिहिली. १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षं खपून जॉन स्मिथ नावाच्या माणसानं ती सोडवली, आणि त्या लिपीचं पुस्तक त्याच ग्रंथालयात होतं हे त्याला माहीत नव्हतं. पण पेपिसनं त्या वह्या नीट बांधून आपल्या ग्रंथसंग्रहाबरोबर केंब्रिजच्या कॉलेजकडे जाण्याची सोय केली होती. दार त्यानं स्वतःच किलकिलं ठेवलं होतं. अ‍ॅना दस्तयेव्हस्की मूळची स्टेनो. १८६६ साली सव्वीस दिवसांत 'द गॅम्बलर' तिनं दस्तयेव्हस्कीकडून उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी त्याच्याशी लग्न केलं. तिचीही डायरी शॉर्टहँडमध्ये. म्हातारपणी तिनं त्यातला काही भाग स्वतः साध्या लिपीत आणला, आणताना बदललाही. मूळ वह्या तिच्या मृत्यूनंतर दुसऱ्या एका स्टेनोनं वाचल्या. अभ्यासकांना त्याचा फायदा झाला. अ‍ॅनाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आज्जीनं किल्ली ठेवली नाही, साध्या लिपीत काही आणलं नाही. त्या वह्यांत कदाचित तिचं मन असेल, कदाचित नुसती हळदीच्या भावाची पत्रं. आणखी कुणा कुणाच्या नोकऱ्या, कर्जं, चुका असतील. त्यांची नातवंडं आजही याच रस्त्यावरून जात असतील. तिचं गुपित मी फोडलं, तर सोबत त्यांचंही फुटेल. गेलेल्या माणसाचा फोन उघडावा का, हा प्रश्न आपल्या पिढीला घरोघरी पडणार आहे. माझ्या वाट्याला तो पेन्सिलीत आला.

वह्या ट्रंकेत परत ठेवल्या आहेत. मामेभावाला अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, तिला नको असतं तर तिनं जाळल्या असत्या. त्याच्या म्हणण्यात दम आहे, आणि माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही.

सायकलची गोष्ट मात्र मी लिहिली, कारण ती तिनं मला तिच्या तोंडानं सांगितली होती. "कुणाला सांगू नकोस" असं ती म्हणाली नव्हती, आणि शब्द कुठं थांबवायचा हे तिला चांगलं कळत होतं. तरी एक गोष्ट राहतेच. तिच्या नियमानं हे सगळं तिला वाचून दाखवायला हवं होतं, मग पेन पुढं करायला हवं होतं.

ते आता होणार नाही. म्हणून खाली तिची आद्याक्षरं घातलेली नाहीत.