निःशेष

शाळेच्या अंकगणितात जे थोडे शब्द अर्थाने आणि नादानेही मोठे आहेत, त्यांत ‘निःशेष’ हा एक आहे. पंधराला पाचाने निःशेष भाग जातो, असे आम्ही मुलांना शिकवतो. अर्थ सरळ आहे: भाज्यातून भाजक पुन्हा पुन्हा वजा करीत गेले की शेवटी शून्य येते, मागे काही उरत नाही. पण वर्गाबाहेर पाऊल टाकताच हा शब्द निराळाच चेहरा धारण करतो. शत्रू निःशेष झाला म्हणजे त्याचा मागमूसही राहिला नाही. गणितात फक्त बाकी संपते. व्यवहारात वस्तूच संपते. समाधान आणि संहार एकाच शब्दाच्या पोटात कसे नांदतात, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. माझे गणित मॅट्रिकपर्यंतचेच. पण मास्तर म्हणून आणि माणसांच्या गोष्टी लिहिणारा म्हणून या शब्दाशी माझी रोजचीच गाठ.

पहिली गोष्ट अशी की, निःशेष भाग जाणे हा एकट्या भाज्याचा गुण नव्हे. जुन्या रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तिघांत रुपया वाटला तर प्रत्येकाला ५ आणे ४ पै मिळत आणि कोणाचे कोणाकडे काही राहत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि त्याच तिघांना तेहतीस-तेहतीस पैसे देऊन एक पैसा उरू लागला. रुपया तोच, माणसे तीच. बदलले ते माप. उलट पाचजणांचे नशीब उघडले. पूर्वी त्यांच्या वाटणीत दोन पै उरत. आता वीस-वीस पैसे, बाकी शून्य! तेव्हा वाटणी जमेना की लगेच माणसांच्या नियतीला दोष देऊ नये. कधी कधी माप बदलले की भांडण मिटते. आपल्या खेड्यांना हे शहाणपण ठाऊक आहे. विहीर चिरता येत नाही, म्हणून भाऊ पाण्याच्या पाळ्या लावून घेतात. जागेत न जाणारा भाग काळात जातो.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. एकदा वर्गात मी विचारले, “पेढे पन्नास, मुले अठ्ठेचाळीस, उरलेल्या दोहोंचे काय करायचे?” कोणी म्हणाले चिठ्ठ्या टाका, कोणी म्हणाले गुरुजींना द्या. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, आज न आलेली मुले मोजली का?”

गणिताच्या पुस्तकात भाजक छापलेला असतो. जगात तो कोणीतरी ठरवलेला असतो, आणि ठरवणारा बहुधा आपल्या माणसांपाशी येऊन मोजणे थांबवतो.

आपल्या घरांतल्या वाटण्या पाहा. आठ एकर जमीन, दोन भाऊ. चार-चार एकर, बाकी शून्य. पंच समाधानाने उठले. या हिशेबात चूक काढता येत नाही, कारण चूक भागाकारात नव्हतीच. ती भाजकात होती. त्या घरात दोन बहिणीही होत्या, आणि त्यांना कोणी मोजलेच नव्हते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात वारस केले. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत जन्माने हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली तो हक्क मुलीलाही दिला. कायद्याच्या पाटीवर भाजक बदलला. माजघरात बदलला का? हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणीला आजही माहेरी बोलावतात, जेवू घालतात, साडीचोळी करतात. आणि माहेर तुटेल या धास्तीने ती सही करते. एखादी मनापासून सोडतही असेल. पण सोडणे हे मोजल्यानंतरचे औदार्य आहे. जिला मोजलेच नाही, तिने काय सोडायचे?

कोणी म्हणेल, भाजक वाढला की वाटा लहान होतो, शेताचे तुकडे पडतात. खरेच आहे. तुकडा फार लहान झाला तर त्यात बैल वळत नाही आणि त्यावर पोटही भरत नाही. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा याच काळजीतून आला. पण ही काळजी आपल्याला बहिणीच्याच वेळी का आठवावी? तिसरा भाऊ जन्माला आला तेव्हा तर आपण पेढे वाटले होते!

मग सगळ्यांना मोजले आणि बाकी उरली तर? उरू द्यावी. बाकी ही लाजेची गोष्ट नाही, हे आपल्या पंचांगकर्त्यांना ठाऊक होते. चांद्रवर्षाचे दिवस सुमारे ३५४ आणि सौरवर्षाचे ३६५. दर वर्षी अकराएक दिवस उरतात. ते त्यांनी लपवले नाहीत, की एखाद्या महिन्याच्या पदरात गुपचूप टाकले नाहीत. ते साठवले आणि साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी त्यांचा एक अधिक महिना केला. लोकांनी आधी त्याला मलमास म्हणून हिणवले. पुराणकथेने मात्र त्याला विष्णूचे पुरुषोत्तम हे नाव दिले. कोणत्याच वाट्यात न बसणाऱ्या उरलेल्या दिवसांना देवाचे नाव देणारी माणसे आपलीच होती, आणि घरातल्या लेकींना हिशेबातून वगळणारीही आपलीच.

म्हणून मला वाटते, माणसांच्या व्यवहारात निःशेषाचा फार हट्ट धरू नये. शेवटी शून्य आले म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. शून्य आणणे सोपे आहे, नकोशी माणसे वगळली की झाले. वाटणीत काही उरले तर ते कोणाला द्यावे, हे बसून ठरवता येते. काहीच उरले नाही, तर मात्र कागदाची घडी घालण्यापूर्वी भाजक पुन्हा एकदा मोजावा.